पाणी बघावे, मग गळ टाकावा

दिवसभर तलावाच्या काठी बसून संध्याकाळी रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला घरात एकच प्रश्न विचारला जातो, "का हो, आज बाजारातसुद्धा मासे नव्हते?" बिचारा गप्प बसतो. त्याला सलत असते ते वेगळेच. त्याच काठावर, त्याच कणकेच्या गोळीवर शेजारचा म्हातारा दोन तासांत तीन-चार मासे काढून घरी गेलेला असतो. लोक म्हणतात, त्याच्या हाताला यश आहे. खरे म्हणजे म्हातारा घरून निघतानाच आभाळ, वारा आणि पाणी बघून निघालेला असतो. गळ टाकण्याची त्याची वेळ ठरलेली असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गळ केव्हा टाकायचा नाही हेही त्याला ठाऊक असते.

गळाने मासे धरण्याचा छंद इंग्रजांनी आणला, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या विरंगुळ्याच्या प्रकारांत त्याने 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. मासे कोणते, त्यांना कोणते खाद्य घालावे, दोरी आणि काठी कशी असावी, याचे त्यात वर्णन आहे. कोकणात आजही लोक 'गरवायला' जातात, ते या जुन्या परंपरेतलेच.

माशाची भूक पाण्यावर

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान. पाणी गार झाले की त्याची पचनशक्ती मंदावते आणि तो दिवसचे दिवस कमी खाऊन राहतो. आपल्या तलावांतले रोहू, कटला, मृगळ हे कोमट पाण्याचे मासे. साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्यांची भूक चांगली असते. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत पहाटे पाचला जाऊन कुडकुडत बसणाऱ्याच्या पदरी म्हणूनच निराशा येते. थंडीच्या दिवसांत सूर्य वर येऊन काठाजवळचे उथळ पाणी तापले की मासा खायला बाहेर पडतो. अकरा ते चार ही वेळ तेव्हा उत्तम. उन्हाळ्यात नेमके उलटे. तेव्हा सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. शिवाय पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही तो वापरतात. त्यामुळे शेवाळ आणि पाणगवताने भरलेल्या तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडण्याच्या आधी. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात. नवशिक्याला वाटते, मासे वर आले, आता धडाधड लागतील. ते खायला आलेले नसतात, गुदमरून वर आलेले असतात. अशा तळ्यावर सूर्योदयानंतर तास-दीड तास थांबावे. वाहत्या नदीत मात्र ही अडचण सहसा नसते. तिथे पहाट चांगली.

तिसरी गोष्ट उजेडाची. माशाला पापण्या नसतात. भर दुपारच्या उन्हात तो खोल पाणी, खडकाची कपार किंवा झाडाची सावली गाठतो. ढगाळ दिवशी, किंवा वाऱ्याने पाण्यावर बारीक लहरी उठलेल्या असताना, उजेड पाण्यात कमी शिरतो आणि मासा निर्धास्त होऊन काठाकडे येतो. काठावरच्या माणसाची सावलीही त्याला नीट दिसत नाही. आरशासारखे शांत पाणी चित्र काढायला चांगले, गळ टाकायला नव्हे.

चौथी गोष्ट वाऱ्याची. वारा ज्या काठाकडे वाहतो, त्या काठाला पाण्यावरचे किडे आणि सूक्ष्म जीव ढकलले जातात. त्यांच्यामागे लहान मासे आणि लहानांमागे मोठे. वारा तोंडावर घेऊन बसणे त्रासाचे असते, पण मासे त्याच काठाला असतात.

वादळ आणि चंद्र

वादळ येण्याआधी हवेचा दाब उतरतो आणि मासे झपाट्याने खाऊ लागतात, असे बहुतेक जुने गळवाले सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो, पण कारण तपासून पाहिले पाहिजे. हवेचा दाब २० मिलिबारने उतरला तर तो मोठाच उतार. मासा पाण्यात जेमतेम २० सेंटिमीटर वर सरकला तरी त्याच्यावरचा दाब तेवढाच कमी होतो, आणि असे वर-खाली तो दिवसभर करतच असतो. मग मासा खातो का? आभाळ भरून येते, उजेड उतरतो, वारा पाणी घुसळून त्यात प्राणवायू मिसळतो, किडे पाण्यात पडतात. दाबापेक्षा ही सोबतची कारणे अधिक पटणारी आहेत. मात्र विजा कडाडू लागल्या की मोकळ्या काठावर लांब काठी हातात धरून बसणे म्हणजे जिवाशी खेळ. गळ गुंडाळून घर गाठावे.

चंद्राचेही तसेच. समुद्रावर आणि खाडीत अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी भांग यांवर सारे गणित असते. तेच गणित काही जण तलावावर चालवू पाहतात. तलावाला जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नसते. धरणातली पातळी चंद्र ठरवत नाही, पाटबंधारे खात्याचे आवर्तन ठरवते. कालव्याला पाणी सोडले की काठ मागे सरकतो आणि मासा आपली नेहमीची जागा सोडून खोलात जातो. पातळी स्थिर झाली की तो पुन्हा काठाशी येतो. पंचांग पाहण्यापेक्षा काठावरच्या ओल्या रेघेकडे पाहावे.

कोणता मासा, कोणती वेळ

सगळ्या माशांचे वेळापत्रक एक नसते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. आमिष त्या त्या थरात गेले पाहिजे. मिशाळ मासे, म्हणजे शिंगाळा आणि त्याचे भाऊबंद, मिशांनी चाचपून आणि वासाने अन्न शोधतात. त्यांना गढूळ पाणी आणि रात्र मानवते. मरळ हवेतूनही श्वास घेतो. म्हणून इतर मासे सुस्तावलेले असताना, उबदार दिवसात, पाणगवताच्या कडेला तोच तेवढा जागा असतो.

महसीरचे प्रकरण निराळे. त्याला वाहते आणि स्वच्छ पाणी लागते. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांवर त्याचे दोन हंगाम मानले जातात. एक वसंतात, बर्फ वितळून पाणी गढूळ होण्याआधी, आणि दुसरा पावसाळा सरून पाणी निवळल्यावर. मोठ्या गढूळ नदीला स्वच्छ ओढा जिथे मिळतो, तिथे महसीर दबा धरून असतो. कावेरीवर भीमेश्वरी आणि गालिबोरे येथील शिबिरे एकेकाळी यासाठी जगभर प्रसिद्ध होती. पुढे अभयारण्याच्या नियमांमुळे तिथे गळ टाकणे थांबले. ट्राउट तर थंड पाण्याचाच मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. तो थंडीत अंडी घालतो, म्हणून हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यावर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते.

आपल्या पठारावरच्या तलाव-धरणांसाठी ढोबळ हिशेब असा धरावा. पाऊस ओसरल्यानंतरचा आश्विन-कार्तिक हा पहिला चांगला काळ. पाणी निवळलेले, कोमट, आणि अंडी घालून दमलेला मासा भुकेला. थंडी सरल्यानंतरचा माघ-फाल्गुन हा दुसरा.

लागतात, पण घेऊ नयेत

आता मुख्य मुद्दा. मासे हाती लागण्याची सर्वांत सोपी वेळ यांपैकी कुठलीच नाही. ती आहे मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतरची. ओढे लाल पाण्याने भरतात आणि नदीतले मासे प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून, पन्हळींतून थेट भाताच्या खाचरांत चढू लागतात. कोकणात याला वलगण म्हणतात, देशावर चढणीचे मासे. गावच्या गाव कंदील, टोपल्या आणि काठ्या घेऊन बाहेर पडते. घोटाभर पाण्यात तडफडणारा मासा उचलायला गळही लागत नाही आणि कसबही.

हे मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. रोहूच्या मादीत तिच्या वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. तीन किलोची एक मादी टोपलीत पडली की सहा लाख अंडी चुलीवर गेली. त्यांतली बहुतेक एरवीही वाचत नाहीत हे खरे, पण जी थोडी वाचतात त्यांच्यावरच पुढच्या वर्षीची नदी चालते. महसीरची अंडी तर रोहूच्या मानाने फारच कमी. दक्षिणेतला कुबडा महसीर २०१८ साली अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. टाटा पॉवरच्या लोणावळ्याजवळच्या वळवण येथील केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवून पाण्यात सोडण्याचे काम चालू आहे. एकीकडे माणसे पिल्ले सोडतात आणि दुसरीकडे चढणीवर आई मारली जाते, असा हा उफराटा हिशेब आहे.

सोपी पण चुकीची आणखी दोन वेळापत्रके आहेत. एक, वैशाखातला आटलेला डोह. नदीभरचे मासे तेव्हा एका खड्ड्यात गोळा झालेले असतात. पावसाळ्यात नदी पुन्हा भरायची ती याच माशांनी. दुसरे, मरळाची वीण. त्याची पिल्ले तांबूस पुंजक्याने पाण्यावर फिरतात आणि खाली आई-बाप पहारा देतात. पुंजक्याजवळ काहीही पडले की ते तुटून पडतात, म्हणून गळाला चटकन लागतात. आई-बाप गेले की पिल्ले एका दिवसात इतर माशांच्या पोटात जातात.

जुन्या लोकांनी याची सोय आपल्या परीने केली होती. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासाच्या पौर्णिमा आणि इतर ठरावीक दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीतले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही, शृंगेरीला तुंगेच्या घाटावरचे मासेही तसेच. अनेक मराठी घरांत श्रावणात मासे वर्ज्य असतात. कारण कोणी धर्माचे सांगो, पाळला जातो तो काळ माशाच्या विणीचा असतो आणि राखला जातो तो डोह त्याच्या आसऱ्याचा. आजचा कायदाही हेच सांगतो. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यावर १८९७च्या मत्स्य कायद्यानेच बंदी घातली. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा नदी-तलावांतल्या मासेमारीचा बंद काळ असतो. इतर राज्यांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. तलावावर जाण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात बंदीच्या तारखा आणि परवाना यांची चौकशी करावी.

मुलांना नेताना

गळ टाकणे हा मुलांना धीर शिकवणारा छंद आहे. पण काही गोष्टी वडीलधाऱ्यांनी पाहायच्या असतात. धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात कधीही उतरू नये. वर ऊन असले तरी दरवाजे उघडल्यावर पाणी काही मिनिटांत चढते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने बियास नदीच्या पात्रात उभे असलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. भोंगा ऐकू येण्याची वाट पाहू नये, काठावरच बसावे.

जेवणापुरता एखादा मासा ठेवून बाकीचे सोडायचे असतील, तर सोडण्याचीही रीत आहे. गळाच्या टोकाची उलटी अणी आधीच पकडीने दाबून ठेवावी, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला ओल्या हातांनी धरावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतःहून निसटेपर्यंत हलका आधार द्यावा. कडक उन्हाळ्यात, कोमट झालेल्या पाण्यात दमलेला मासा सोडला तरी बरेचदा जगत नाही. म्हणून त्या दिवसांत दुपारी गळ न टाकलेलाच बरा.

मृगाच्या पहिल्या पावसात मुले चढणीचे मासे बघायला हट्ट करतील. त्यांना जरूर न्यावे. कंदिलाच्या उजेडात हातभर मासा ओढ्याची पायरी चढताना त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावा. टोपली मात्र घरीच ठेवावी. ती आश्विनात बाहेर काढता येईल.