मातृभाषेच्या रकान्यात काय लिहावे?

(द्वितीय वर्ष, कला)

2027 च्या जनगणनेचे प्रगणक आमच्या मसुऱ्यातही येतील. ओटीवर बसून नाव, वय, शिक्षण विचारतील आणि मग विचारतील, ‘मातृभाषा?’ मालवण तालुक्यात या प्रश्नाला बहुतेक घरांतून ‘मराठी’ असेच उत्तर मिळते. पण मित्रहो, आपल्या घरात ‘मला’, ‘तुला’ म्हणतो कोण? आपण ‘माका’, ‘तुका’ म्हणत वाढलो. मराठी आपल्याला शाळेने दिली.

2011 च्या जनगणनेत मातृभाषा मालवणी सांगणारे साऱ्या देशात पन्नास हजारही भरले नाहीत. एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास होती, आणि मुंबईचे चाकरमानी वेगळेच. ज्या थोड्यांनी मालवणी सांगितली त्यांनाही सरकारी कोष्टकात जागा मिळाली ती कोंकणीच्या पोटात. म्हणजे ‘मराठी’ लिहावे तर बोली नाहीशी होते आणि ‘मालवणी’ लिहावे तर आपण कागदावर कोंकणी ठरतो!

या दुसऱ्या गोष्टीची आपल्या वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. शेजारच्या गोव्यात भाषेचा प्रश्न केवळ भाषेपुरता कधीच राहिला नाही. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर 16 जानेवारी 1967 रोजी तेथे जनमत कौल झाला, आणि विलीनीकरण नाकारले गेले. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद त्याच रणात लढला गेला. डिसेंबर 1986 मध्ये राजभाषेच्या आंदोलनात माणसे मेली. 1987 च्या कायद्याने देवनागरीतील कोंकणी राजभाषा झाली, तरी सरकारी कामात मराठीलाही वाव ठेवावा लागला.

परंतु बोलीवरून माणसाची निष्ठा ठरते काय? युक्रेनकडे पाहा. तेथील 2001 च्या जनगणनेत राष्ट्रीयत्व आणि मातृभाषा हे दोन प्रश्न वेगळे विचारले होते. स्वतःला युक्रेनियन म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे पंधरा टक्के लोकांनी मातृभाषा रशियन सांगितली. 2022 मध्ये रशियाने आक्रमण केले तेव्हा रशियन बोलणाऱ्यांचे रक्षण हे एक कारण पुढे केले. पण त्या देशाचा अध्यक्ष झेलेन्स्की स्वतः रशियन बोलणाऱ्या घरात वाढलेला, आणि तोच लढ्याच्या अग्रभागी उभा राहिला! घरची भाषा कोणती हे शेजाऱ्याला ऐकू येते. आपण कोण हे मात्र आपणच सांगायचे असते.

आमच्या बाबतीत मला खरी चिंता वाटते ती शाळेची. पहिलीतले मूल हात वर करून म्हणते, ‘बाई, माका येता.’ त्याला उत्तर ठाऊक असते. पण उत्तर ऐकण्याआधी त्याला सांगितले जाते, ‘“मला येते” असे म्हण.’ मूल खाली बसते, आणि पुढच्या वेळी हातच वर करत नाही. ज्यांच्या घरात वर्तमानपत्र येते ती मुले यातून तरून जातात. माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांना मागे राहिलेले सवंगडी आठवतात.

मालवणीचे कौतुक होत नाही असे नाही. गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ 1980 पासून मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवले, आणि सारा महाराष्ट्र पोट धरून हसला. ते नाटक मराठी रंगभूमीचेच मानले गेले. मग जी बोली नाट्यगृहात मराठीची, ती वर्गात अशुद्ध कशी? 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरची भाषा शक्यतो माध्यम असावी असे म्हणते. निराळी पुस्तके छापा असा माझा हट्ट नाही. मुलाचे उत्तर मालवणीत ऐकून घ्यावे, आणि तेथून त्याला प्रमाण मराठीकडे न्यावे, एवढे जरी शिक्षकांनी केले तरी पुष्कळ होईल. प्रमाण मराठी तर आम्हाला हवीच आहे. तिच्यावाचून मी हा लेख कसा लिहिला असता?

जनगणनेत मातृभाषेखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषाही नोंदवतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी मातृभाषा मालवणी सांगणार आहे आणि पुढच्या रकान्यात मराठी. कोष्टक करणारे मला कोठे बसवतील तेथे बसवोत, पण साडेआठ लाखांच्या जिल्ह्याने आपली बोली मोजूच दिली नाही, तर पहिलीतल्या त्या मुलासाठी उद्या काही मागायचे कोणत्या तोंडाने?