ट्रेनिंग दिलंय म्हणता, पण सराव कधी केलाय?

परवाच्या व्हिडिओखाली सांगलीच्या एका भावाने विचारलं, "सर, चार पोरांच्या दुकानात कसलं आलंय ट्रेनिंग?" उत्तर जरा लांबून देतो.

वडिलांची बायपास झाली तेव्हा आयसीयूच्या बाहेर बसून मी मोबाईलवर नको ते सगळं वाचत होतो. त्यात एक गोष्ट सापडली, ती अजून डोक्यातून गेली नाही. हार्ट सर्जरीनंतर पेशंटचं हृदय आयसीयूत बंद पडलं, तर नेहमीचे नियम बदलतात. एका मिनिटाच्या आत शॉक देता येत असेल तर आधी शॉक द्यायचा, तीनपर्यंत, आणि मग छाती दाबायची. कारण आत टाके ताजे असतात. अॅड्रिनलिनचा नेहमीचा पूर्ण डोस सहसा टाळायचा, कारण हृदय सुरू झाल्यावर बीपी उसळलं तर रक्तस्राव होतो. एवढं करूनही जमलं नाही तर पाच मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडायची. तीही तिथेच, बेडवर! (हे फक्त तिथल्यासाठी हं. रस्त्यात कुणी कोसळलं तर १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात.)

इंग्लंडचे हार्ट सर्जन जोएल डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं ट्रेनिंग उभं केलं, त्याला 'कॅल्स' म्हणतात. २००९ मध्ये युरोपच्या आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्जन संघटनेने हीच पद्धत मांडली. सहा जणांना सहा कामं ठरलेली: छाती दाबणारा, श्वास बघणारा, शॉक देणारा, औषधं बघणारा, लीडर आणि बाहेरची धावपळ सांभाळणारा. छाती उघडायचा सेटसुद्धा मुद्दाम छोटा ठेवलेला, मोजकीच हत्यारं. ऐनवेळी शोधाशोध नको. आणि नर्ससकट सगळ्यांनी पुतळ्यावर पुन्हा पुन्हा सराव करायचा.

आता माझी लाज सांगतो. साताऱ्यात माझ्या दुकानात इन्व्हर्टरमधून धूर निघाला तेव्हा आम्ही पाच जण होतो. पाचही जण ओरडत होतो. मेन स्विच कुणीच बंद केला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा करेल. आग विझवायचा सिलिंडर खोक्यांच्या मागे. बीबीए मी केलेलं, लोकांना ट्रेनिंग मी देतो, आणि शेवटी स्विच पाडला तो शेजारच्या चहावाल्या काकांनी.

माझ्या मते सर्टिफिकेट वाटून फोटो काढणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे. मिरजेला सगळा जिल्हा ऑपरेशनला जातो. तिथे नातेवाईक पॅकेज विचारतात, डॉक्टरचं नाव विचारतात. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या टीमने शेवटचा सराव कधी केला, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. तुमचं गिऱ्हाईकही तुम्हाला विचारणार नाही.

दुकानात आता कामं नावानिशी ठरलीत. स्विच कुणाचा, गल्ला कुणाचा, गिऱ्हाईक बाहेर कोण काढणार, फोन कोण करणार. पहिल्या सरावाला चार मिनिटं लागली, त्यात एक पोरगा हसतच होता.

रविवारी सांगलीची बॅच आहे. मध्येच कधीतरी मी दिवे घालवणार आहे, न सांगता.