दिवा घे, उत्तरेला जा

आपल्या घरांतून ‘खेळ’ आणि ‘वाच’ या दोन आज्ञा एकाच मुलाला एकाच वेळी कधी दिल्या जात नाहीत. एक संपली की दुसरी सुरू होते. “झाला तेवढा खेळ पुरे, आता जरा वाचायला बस,” हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही, असे मराठी घर निदान माझ्या पाहण्यात नाही. मग मुलांची समजूत होऊन बसते, की खेळ ही मजा आणि वाचन हा त्या मजेबद्दलचा दंड. मोबाईल घरोघरी आल्यापासून तर खेळाला अक्षरओळख लागतच नाही. बोट फिरवता आले की झाले. अशा वेळी, वाचल्याखेरीज ज्यात एक पाऊलही पुढे पडत नाही, अशा एका जुन्या खेळाची ओळख रविवारच्या निवांत वेळी करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रजीत याला ‘टेक्स्ट ॲडव्हेंचर’ म्हणतात. आपण ‘शब्दसाहस’ म्हणू. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही, धावणारी मोटार नाही. असते ते चार-पाच ओळींचे वर्णन : तुम्ही कुठे उभे आहात, भोवती काय आहे, वाटा कुठे फुटतात. त्याखाली एक रिकामी ओळ. त्या ओळीत तुम्ही आज्ञा द्यायची, ‘दिवा घे’, ‘दार उघड’, ‘उत्तरेला जा’. यंत्र तसे करते आणि पुढे काय झाले ते सांगते. विक्रम-वेताळाच्या गोष्टीत राजाला बोलायची संधी अगदी शेवटी मिळते. इथे ती पावलोपावली मिळते.

बापाने मुलींसाठी केलेला खेळ

या खेळाचा जन्म मोठा हृद्य आहे. विल क्राउदर हा अमेरिकेतला एक प्रोग्रॅमर. आजच्या इंटरनेटची आजी म्हणावी अशा ‘आर्पानेट’च्या उभारणीत त्याने काम केले होते. सुट्टीत गुहा धुंडाळायच्या आणि त्यांचे नकाशे काढायचे, हा त्याचा छंद. पुढे त्याचा घटस्फोट झाला. आपल्या मुलींना गंमत वाटावी म्हणून त्याने १९७५-७६च्या सुमारास संगणकावर एक गुहा रचली. केंटकी राज्यातल्या ‘मॅमथ केव्ह’ या प्रचंड गुहामालिकेचा एक भाग त्याने स्वतः पायांनी पालथा घातला होता. तोच त्याने शब्दांत उतरवला. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्यात खजिने, कोडी आणि अडथळ्यांची भर घातली. ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ म्हणून हा खेळ पुढे विद्यापीठांतल्या संगणकांवर पसरला.

त्यापासून स्फूर्ती घेऊन एमआयटीतल्या तरुणांनी ‘झॉर्क’ केला. त्यांच्यातल्या काहींनी १९७९ मध्ये ‘इन्फोकॉम’ ही कंपनी काढली आणि काही वर्षे शब्दांचे हे खेळ दुकानात चांगले खपले. मग चित्रांचे खेळ आले. १९८९ मध्ये इन्फोकॉमच्या कचेरीला टाळे लागले. खेळ मात्र मेला नाही. ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गृहस्थाने १९९३ मध्ये असे खेळ रचण्यासाठी ‘इन्फॉर्म’ ही प्रणाली फुकट उपलब्ध करून दिली आणि १९९५ पासून हौशी रचनाकारांची वार्षिक स्पर्धाही सुरू झाली.

नवख्यांनी काय करावे?

पहिल्यांदा खेळणारा माणूस बहुधा दहा मिनिटांत वैतागतो. दोष खेळाचा नसतो. आपल्याला घाई असते, इतकेच. म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, वर्णन दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा नामांसाठी. वर्णनातले प्रत्येक नाम म्हणजे हात घालून पाहण्याजोगी वस्तू. ‘कोनाडा’ लिहिले असेल तर कोनाडा पाहा, ‘पेटी’ असेल तर पेटी उघडा. शाळेत व्याकरणाच्या तासाला नामाखाली रेघ मारायला सांगत, ते कशासाठी हे इथे कळते.

दुसरी, आज्ञा छोटी ठेवा. ‘मला इथून बाहेर काढ’ हे यंत्राला कळत नाही. पाहा, घे, ठेव, उघड, वाच, पेटव, दे अशी दहा-पंधरा क्रियापदे आणि दिशांची नावे एवढ्यावर निम्मा खेळ पार पडतो. इंग्रजी खेळात ‘लुक’ म्हटले की भोवतालचे वर्णन पुन्हा मिळते आणि ‘इन्व्हेंटरी’ म्हटले की तुमच्यापाशी काय काय आहे त्याची यादी येते.

तिसरी, कागद-पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक जागेसाठी एक चौकोन आणि वाटेसाठी रेघ. उत्तरेला गेलेला माणूस दक्षिणेला वळला की मूळ जागी येईलच, असे गृहीत धरू नका. गुहेतल्या वाटा वळसे घेतात. क्राउदरच्या गुहेत एक भूलभुलैया आहे. तिथले प्रत्येक दालन हुबेहूब दुसऱ्यासारखे. त्यातून सुटायची युक्ती अशी, की प्रत्येक दालनात जवळची एकेक वस्तू खूण म्हणून टाकत जायचे. रानात वाट चुकू नये म्हणून गुराखी पोर फांदी मोडून ठेवते, तोच प्रकार.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नकार नीट वाचा. यंत्र तीन तऱ्हांनी नाही म्हणते. ‘हा शब्द मला कळला नाही’, याचा अर्थ दुसरा शब्द शोधा. ‘अशी वस्तू इथे दिसत नाही’, याचा अर्थ दुसरीकडे शोधा. आणि ‘दार घट्ट बंद आहे’, याचा अर्थ विचार बरोबर आहे, फक्त उपाय वेगळा हवा. क्राउदर-वुड्सच्या गुहेत एक पक्षी आहे. तो पकडायला जाल तर तो बिचकतो, हाती येत नाही. पक्षी पकडता येणार नाही, असे मात्र यंत्र म्हणत नाही. मग आपण विचार करायचा, की तो कशाला बिचकतो आहे? आपल्या हातात काय आहे? तिन्ही नकारांतला फरक ज्याला कळला, त्याला हा खेळ आला.

शेवटची गोष्ट, अधूनमधून ‘सेव्ह’ करा, म्हणजे खेळ जपून ठेवा. या खेळात मरण स्वस्त असते. अंधारात दिव्याशिवाय चालायचे नाही, आणि दिवा लागला तरी त्याची बॅटरी संपणार हे विसरायचे नाही. अडलात तर उत्तर शोधायला धावू नका. एक रात्र जाऊ द्या, किंवा दुसऱ्या कोणाला शेजारी बसवा. हा खेळ दोघांनी मिळून उत्तम खेळता येतो.

सुरुवात कशापासून करावी, असे कोणी विचारले तर मी जुन्या गुहेचे नाव घेणार नाही. ती अवघड आहे. अँड्र्यू प्लॉटकिनचा ‘द ड्रीमहोल्ड’ (२००४) हा खेळ नवख्यांना शिकवत शिकवत पुढे नेतो. २००७ च्या स्पर्धेत पहिला आलेला ‘लॉस्ट पिग’ हरवलेल्या डुकराच्या शोधाचा आहे आणि हसवतो. दोन्ही फुकट खेळता येतात.

यंत्राशिवाय

आता कोणी म्हणेल, हे सारे इंग्रजीत. आमच्या पोरांना त्याचा काय उपयोग? याच प्रश्नापायी मी अंबाजोगाईत आमच्या गल्लीतल्या मुलांपुढे स्वतःच यंत्र होऊन बसू लागलो. बीडजवळची खजाना विहीर आमच्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीत बांधलेली ही विहीर जमिनीखालच्या पाटाने दूरवर शेतांना पाणी देते. तिच्यावरून मी एक काल्पनिक विहीर रचली. (खऱ्या विहिरीत कोणी उतरायचे नाही, हा खेळाचा पहिला नियम.)

“तुम्ही एका गोल विहिरीच्या कठड्यापाशी उभे आहात. सांज झाली आहे. दगडी पायऱ्या खाली उतरतात. कठड्याशी एक कंदील आहे. भिंतीत एक देवळी आहे. खाली, पाण्याच्या जरा वर, बोगद्याचे तोंड दिसते.”

पहिली अडचण आली ती भलतीच. “काका, तुम्ही खाली जाता का?” असे एकजण अदबीने म्हणाला. यंत्राला ‘तू’च म्हणायचे, असे सांगितले तेव्हा मुले आधी लाजली आणि पाच मिनिटांत सोकावली. “मुकाट्याने खाली जा!” “‘मुकाट्याने’ हा शब्द मला कळला नाही,” असे मी गंभीरपणे सांगितले.

घाईने बोगद्यात शिरलेले पहिले वीर पाय घसरून पाण्यात पडले. खेळ संपला. दुसऱ्या डावात त्यांनी कंदील घेतला. “कंदील पेटव.” “पेटवायला काही नाही.” “काडेपेटी घे.” “इथे काडेपेटी दिसत नाही.” मग पाऊण तास गारगोट्या काय, सूर्यकिरण काय, शेजारच्या घरचा लायटर काय! तोवर गप्प बसलेली सहावीतली एक मुलगी म्हणाली, “काका, ते पहिलं सगळं परत सांगा.” मी सांगितले. “देवळी पाहा,” ती म्हणाली. देवळीत पणती तेवत होती. ती पहिल्यापासून तिथेच होती. पाहिली कोणी नव्हती.

मराठी या खेळाला किती सोयीची आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. ‘पणतीने कंदील पेटव’ म्हणा की ‘कंदील पणतीने पेटव’ म्हणा, कशाने कशाला पेटवायचे ते ‘ने’ हा प्रत्यय चोख सांगतो. शब्द मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. अडचण सामान्यरूपांची आहे. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते, ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होते, आणि हे सारे एकच आहे हे संगणकाला शिकवावे लागते. काम कष्टाचे आहे, पण अशक्य नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी जे प्रकल्प धूळ खात पडतात, त्यांत एखादा असा असायला काय हरकत आहे?

आजकाल गप्पा मारणारी यंत्रेही आली आहेत. त्यांना सांगितले की ती मराठीत हवी तशी गोष्ट रचून देतात. मग हा जुना खटाटोप कशाला, असा प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती यंत्रे फार लवकर हो म्हणतात. खिशातून काडेपेटी काढली म्हणाल, तर ती बहुधा काढू देतील. शब्दसाहसात जे लिहिलेले नाही ते नाही. त्या मुलीला पणती सापडली, कारण यंत्र झालेला काका हटून बसला होता.

फडावरची मुले

हा सारा लाड शहरातल्या सुखवस्तू मुलांचा, असे वाटत असेल तर आमच्या जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते. काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावी राहतात. दिवस शाळेत जातो. संध्याकाळ मोठी असते. त्या संध्याकाळी हातात काय द्यायचे? टॅब दिले तर चार्जिंग हवे, रिचार्ज हवा, दुरुस्ती हवी. शब्दसाहसाला एक वही, एक पेन्सिल आणि ‘इथे तसे काही दिसत नाही’ असे न कंटाळता सांगणारा एक मोठा माणूस पुरतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेळ रचणे. चित्रे काढावी लागत नाहीत, म्हणून हा सर्व खेळांत रचायला स्वस्त. फडावरून परतलेल्या मुलाला विचारा : तुझी कोपी कुठे होती? दारातून बाहेर पडले की उत्तरेला काय? पाणी कुठून आणायचे? रात्री गाडी भरताना उजेड कशाचा? प्रत्येक उत्तर म्हणजे वहीतला एक चौकोन. जे मूल पाच महिने शाळेत नव्हते म्हणून मागे पडले असे आपण म्हणतो, त्याच्यापाशी एका अख्ख्या खेळाचा ऐवज असतो. वर्गातल्या बाकीच्यांनी मग त्याच्या वाटेने चालावे, अडावे आणि त्याला विचारावे. त्या तासाला वाट त्यालाच ठाऊक असते.

क्राउदरने आपली गुहा अशीच मुलींना दिली होती. पायांखालून गेलेली जागा शब्दांत मांडायची, एवढेच त्याने केले. आमच्या शिक्षकांनी आणि पालकांनी येत्या हंगामात आठवड्यातली एक संध्याकाळ यासाठी काढावी. पहिले वर्णन चार ओळींचे असले तरी चालेल. त्यात एक देवळी मात्र अवश्य ठेवा, आणि कोणी विचारीपर्यंत तिच्यात काय आहे ते सांगू नका.