लठ्ठपणा हा केवळ श्रीमंतांचा रोग नव्हे

लठ्ठपणा म्हटला की पेढीवर लोडाला टेकून बसलेला शेठ डोळ्यांसमोर येतो. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगाराचा या रोगाशी संबंध काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्याही मनात येईल. वैद्यकशास्त्राचे उत्तर मात्र अस्वस्थ करणारे आहे.

पोटाच्या पोकळीत साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. ती रक्तात अनेक द्रव्ये सोडत असते. त्यांतील काहींमुळे यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. शिवाय पीएआय-१ हे प्रथिन वाढून, झालेली गुठळी विरघळविण्याची शरीराची शक्ती मंदावते. गुठळी सहज व्हावी आणि लवकर विरघळू नये, अशी ही दुहेरी कोंडी होय. जोडीला रक्तदाब व मधुमेह आले की हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका आणखी वाढतो.

ही चरबी डोळ्यांना दिसतेच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली. परंतु त्यांच्यात घट झाली होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबी त्या मानाने टिकून होती. आईची उपासमार अशी मुलाच्या देहात उतरते. पुढे स्वस्त तेल आणि साखर यांवर वजन वाढले की तोच देह रोगाला बळी पडतो. म्हणूनच भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपलीकडे आणि पुरुषाचा ९० पलीकडे गेला की धोका मानला जातो.

बीडची ऊसतोड करणारी स्त्री गरोदरपणीही मोळ्या वाहते. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोषही काढले गेले, तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे जन्माआधीची भूक आणि तारुण्यातील शस्त्रक्रिया, दोहोंचा हिशेब अखेर हृदयालाच चुकता करावा लागतो.

अशा स्त्रीला ‘कमी खा, रोज चाला’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. गाळप हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर गावातच रक्तदाब, साखर व कमरेचा घेर मोजला जावा. गरोदर स्त्रीला कोयता न धरताही मजुरी व पोषक आहार मिळावा. आणि त्याचा खर्च त्यांच्या घामावर चालणाऱ्या कारखान्यांनी उचलावा. उचलीचा दर आणि तोडणीची मजुरी यांसाठी लढणाऱ्या चळवळीने या मागण्याही आपल्या निवेदनात घालाव्यात. श्रमिकाच्या रक्ताची गुठळी हासुद्धा अर्थव्यवस्थेचाच प्रश्न आहे.