न पाहिलेले लंडन, पाहिलेला अजिंठा



आमच्या डोंगरकड्यातल्या पोरांना मुंबईचे चित्र काढायला सांगा. ज्याने कळमनुरीच्या पुढे पाऊल टाकले नाही तोही बेधडक काढील. उंच इमारती, समुद्र, लोकल गाडी, ऐकलेले सारे एका कागदावर येईल. आपण हसतो. पण जपानच्या नामांकित चित्रकारांनीही हेच केले आहे.

१८५९ मध्ये जपानने योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुले केले. हे लोक येतात ती शहरे कशी असतील, याचे लोकांना मोठे कुतूहल. पण जपानी माणसाला देशाबाहेर जायला बंदी होती. ती १८६६ मध्ये उठली. तोवर योशितोरा यांच्यासारख्या चित्रकारांनी विलायती वर्तमानपत्रांतली चित्रे समोर ठेवून लंडन, पॅरिस रंगवले. लाकडी ठशांनी छापलेली ही चित्रे स्वस्त असत, म्हणून साध्या माणसाच्या घरातही गेली. खरे-खोटे ताडून पाहायची सोय मात्र कोणालाच नव्हती.

हे ठसे कसे होत? पातळ कागदावरचे चित्र चेरीच्या फळीवर उपडे चिकटवीत. कोरणारा रेघ तेवढी ठेवून बाकीचे लाकूड काढी. रंगांसाठी वेगवेगळे ठसे लागत. छापणारा त्यांवर कागद ठेवून बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने घासी. चित्रावर नाव बहुधा चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे. कोरणाऱ्या-छापणाऱ्याचे क्वचितच. हातांनी राबणाऱ्या आपल्या घरांना याचा अर्थ सांगायला नको.

पुढे हिरोशी योशिदा (१८७६-१९५०) यांनी वेगळी वाट धरली. ते स्वतः देशोदेशी फिरले. १९३०-३१ मध्ये मुलगा तोशी याला घेऊन भारतात आले. ताजमहाल, सांचीच्या स्तूपाचे तोरण आणि आपल्या मराठवाड्यातली अजिंठा-वेरूळची लेणी त्यांनी पाहिली, मग ठशांत उतरवली. तेव्हा ही लेणी आणि आमचे डोंगरकडा, दोन्ही निजामाच्या राज्यात होती. ताजमहालाचे ठसे तेच ठेवून नुसते रंग बदलून त्यांनी सकाळचे धुके दाखवले आणि रात्रही दाखवली. आपल्या देखरेखीखाली छापलेल्या चित्रावर ते 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेले', असा शिक्का मारीत.

न पाहता काढलेले चित्र सुरेख असेल, पण खरे असेलच असे नाही. आपल्या वस्त्यांविषयीही पुष्कळांनी वस्तीत पाऊल न ठेवता लिहिले. ते आपल्याला बोचते. मग एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारू. अजिंठ्याचे नाव आपल्या तोंडी रोज असते, पण आपल्यापैकी किती घरांनी तो डोळ्यांनी पाहिला? आम्हीही फार उशिरा पाहिला. जपानचा माणूस समुद्र ओलांडून आला, आणि आम्हाला मराठवाड्यातल्या मराठवाड्यात सवड होईना!

तेव्हा यंदा केळीच्या किंवा उसाच्या कामातून चार पैसे उरले, तर मुलांना अजिंठ्याला न्या. सोबत वही-पेन्सिल द्या. घरी आल्यावर बटाटा कापून त्यावर लेण्याची कमान कोरा, रंग लावा आणि ठसा उमटवा. चित्र वाकडे आले तरी चालेल, ते पाहून काढलेले असेल. खाली कोरणाऱ्या पोराचे नाव मात्र जरूर लिहा.