पडद्यावरचा डोंगर आणि पायाखालचा खडक

भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नकाशा काढायला शिकवायचे तर त्यांना डोंगरात न्यायचे, ही जुनी रीत २०२० च्या उन्हाळ्यात एकाएकी मोडली. कोविडमुळे अमेरिकी विद्यापीठांचे कित्येक आठवडे चालणारे फील्ड कॅम्प रद्द झाले. तेव्हा तेथील भूविज्ञान शिक्षकांच्या संघटनेने प्राध्यापकांना एकत्र आणून घरबसल्या करता येतील असे पाठ तयार केले. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाने तर त्याआधीच कॉम्प्युटर गेम बनवण्याच्या प्रणालीवर काल्पनिक भूप्रदेश रचले होते. त्यांत विद्यार्थी पडद्यावर डोंगर चढतो, उघड्या खडकापाशी थांबतो, थर कोणत्या दिशेला किती अंश कलला आहे ते टिपतो आणि नकाशा रंगवतो. साथ ओसरली, तरी ही साधने टिकली. टिकायलाच हवीत. फक्त त्यांची जागा कोणती, हे नीट ठरवायला हवे.

भूशास्त्रीय नकाशा म्हणजे खडकांचे चित्र नव्हे. जमिनीवर दिसणाऱ्या तुकड्यांवरून जमिनीखालच्या रचनेचा बांधलेला अंदाज असतो. कललेला थर दरीत उतरला की त्याची सीमारेषा नकाशावर इंग्रजी ‘व्ही’सारखी का वळते, हे फळ्यावर समजत नाही. पडद्यावर तोच डोंगर फिरवून, कापून दाखवला की समजते. व्हीलचेअर वापरणारे, प्रवासखर्च न झेपणारे, घरून आठवडाभर बाहेर राहण्याची परवानगी न मिळणाऱ्या मुली, यांना आजवर या विषयाच्या दारातूनच परतावे लागत असे. त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण: दख्खनचे लाव्हाथर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवेच. खडकांच्या घड्या पाहायच्या तर अनेकदा दूर, अगदी राजस्थानात अरवलीपर्यंतही जावे लागते. जाण्यापूर्वी त्या पडद्यावर पाहिल्या, तर तिथले मोजके दिवस सार्थकी लागतात.

पण पडद्यावर एक गोष्ट आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेली असते: हा खडक पाहण्याजोगा आहे. खऱ्या डोंगरात पहिला प्रश्नच तो असतो. समोरचा धोंडा जागचा आहे की वरून गडगडत आलेला? दोन खडकांची सीमा बहुतेक वेळा माती आणि गवताखाली दडलेली असते. ती मातीचा रंग, झाडोरा, एखादा झरा यांवरून हुडकावी लागते. चुनखडीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो, घट्ट बेसाल्टवर हातोडा खणखणतो आणि कुजक्या खडकात रुततो. हे माऊसला कळत नाही.

सह्याद्रीत तर सगळेच खडक काळे. एक लाव्हाप्रवाह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ओळखायचे तर वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, त्यांत भरलेली पांढरी झिओलाइट खनिजे आणि अधूनमधून दिसणारा तांबडा मातकट थर शोधावा लागतो. अनेक झरे अशाच सांध्यांवर फुटतात. दाट झाडीखालचा हा सांधा उपग्रहचित्रात दिसत नाही.

हा केवळ परीक्षेचा मामला नाही. धरणाचा पाया, बोगदा, विहीर, दरडीचा धोका, सगळ्यांच्या मुळाशी असाच नकाशा असतो. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इरशाळवाडी दरडीखाली गेली. उतारावर झिजलेल्या खडकाची आणि मातीची जाडी किती, पाणी कुठे मुरते, भेगा कुठल्या दिशेने जातात, हे तिथे जाऊन पाहणारी माणसे आपल्याला हवी आहेत. त्यामुळे खरी भीती तंत्रज्ञानाची नाही, हिशेबाची आहे. ‘ऑनलाइन झालेच आहे, मग सहल कशाला?’ असे म्हणून एखादे महाविद्यालय बसभाडे वाचवील, आणि पदवीवर मात काही फरक दिसणार नाही.

महाराष्ट्रात तरी ही बचत अक्षम्य ठरेल, कारण इथे कित्येक महाविद्यालयांपासून घाट एसटीच्या अंतरावर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर नकाशे मोफत मिळतात. आपल्या तालुक्याचा नकाशा घ्यावा, उपग्रहचित्रावर सीमारेषा अंदाजाने आखाव्यात आणि पावसाळा सरला की एखाद्या घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला उभे राहून त्या तपासाव्यात. चालणे जमत नसेल त्याने जोडीदाराच्या फोटो-नोंदींवरून नकाशा पुरा करावा. गुण दोघांना सारखेच. खर्च एका दिवसाच्या तिकिटाचा, आणि चुकलेली प्रत्येक रेषा का चुकली, हे सांगायला खडक तिथेच असेल.