वाईड अँगल आणि विटांची भिंत

लेन्सच्या परीक्षणांचा मला मनापासून वैताग आलाय आणि आज तो काढायचाच आहे. त्यातही वाईड अँगल झूमच्या परीक्षणांचा. कुणीतरी लेन्स आणतो, ट्रायपॉड लावतो, समोर विटांची भिंत नाहीतर छापील चार्ट. मग तो फोटो संगणकावर २०० टक्के मोठा करतो, कोपऱ्यातली एक वीट निरखतो आणि निकाल देतो: "कोपरे मऊ आहेत." झालं! चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूचा फैसला एका विटेवर.

अहो, पण वाईड अँगल घेऊन विटांच्या भिंतीचे फोटो काढतो कोण?

साधं त्रैराशिक आहे. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो. समोरची किती रुंदी फोटोत मावेल ते काढायला अंतराला २३.५ ने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं. १० मिमीला सव्वादोन-अडीच मीटरच्या भिंतीने चौकट भरायची तर तुम्ही एक मीटरवर पाहिजेत. म्हणजे जवळजवळ नाक भिंतीला! इतक्या जवळून सपाट वस्तू टिपली की लेन्सची फोकसची पातळी किती वाकलेली आहे ते कळतं. ते कळून घ्यायला हरकत नाही, पण खोलीत, वाड्यात, देवळाच्या मंडपात समोरचं जग एका पातळीत बसत नाही. तिथे ही लेन्स काय करेल याचं उत्तर त्या भिंतीकडे नाही.

माझी कसोटी झरीत आहे. परभणीहून जिंतूरकडे जाताना लागतं ते झरी, माझं आजोळ. मामांचं घर माळवदाचं. लाकडी खांब, तुळया, वर पांढऱ्या मातीचं जाड छप्पर, जाडजूड भिंती आणि उजेडाला छतात एक भोक. दिवाळीनंतर ते पाडून स्लॅब टाकायचं ठरलंय. (मामांना दोष देण्यात अर्थ नाही. दर पावसाळ्याआधी छतावर माती चढवायला माणसं आता आणायची कुठून? पुण्यात बसून "जतन करा हो" म्हणायला आपलं काय जातं!) तर घर जाणार, राहणार फक्त फोटो. त्यात मावशीला माजघर ओळखू आलं पाहिजे, आणि उद्या कुणी विचारलं की किती खणांचं घर होतं, तर फोटोत बोट ठेवून खण मोजता आले पाहिजेत. लेन्स चांगली की वाईट हे ठरवायला मला याहून मोठी प्रयोगशाळा नको.

मित्राकडून १० ते १८ जातीचा एक झूम आठवडाभर उसना घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की चर्चा लेन्सची राहत नाही, पक्षाची होते.

आता माजघर. दहा फूट खोल, वीस फूट लांब, खण पाच फुटांचा. पाठ भिंतीला टेकवली, ट्रायपॉड पुढे घेतला, उरले आठ फूट. वरचंच त्रैराशिक लावा. १८ मिमीला साडेदहा फूट मावतात, म्हणजे दोन खण. १२ ला पावणेसोळा, म्हणजे तीन. १० ला पावणेएकोणीस, म्हणजे पावणेचार खण. जे लोक छातीठोकपणे सांगतात की "झूम कशाला, फिक्स लेन्स घ्या आणि पायांनी झूम करा", त्यांना माझं झरीला सस्नेह आमंत्रण आहे. मागे तीन फुटी भिंत आहे. करा पायांनी झूम! टेलीमध्ये हे तत्त्वज्ञान चालत असेल. वाईडमध्ये पाय कुठे ठेवायचे हे घर ठरवतं, तुमच्या हातात उरते ती फक्त रिंग.

दुकानदार मंडळी याच्या उलट टोकाला. "सर, जितकं वाईड तितकं चांगलं, सगळं मावतं." चौकोनी खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून दोन्ही बाजूच्या भिंती पकडायला ९० अंश लागतात, आणि एपीएस-सीवर ते १२ मिमीच्या जरासं आतच मिळतात. त्याच्याही खाली गेलात की जे जास्तीचं मावतं त्याची किंमत कडा मोजतात. मी घरी येऊन ठेवण्यालायक फोटोंची माहिती एका छोट्या स्क्रिप्टने काढली (खोड आहे, जात नाही). निम्म्याहून जास्त १२ ते १४ मधले निघाले. १० वर काढलेले मोजकेच, आणि त्यातले बरेच छताचे.

कडा किंमत मोजतात म्हणजे काय ते मामींच्या फोटोत दिसलं. १० मिमीवर त्या चौकटीच्या अगदी उजव्या कडेला उभ्या होत्या. चेहरा दीडपट रुंद! "मी काय एवढी जाड दिसते व्हय रे?" आता इथे परीक्षणवाले लगेच "डिस्टॉर्शन" म्हणून गुण कापतात. हे लेन्सचं डिस्टॉर्शन नाही हो. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या कुठल्याही लेन्समध्ये, जगातल्या सगळ्यात महागड्यासुद्धा, कडेची गोल वस्तू कोनाच्या हिशोबाने ताणली जाते. १८ मिमीला आडव्या कडेवर हा ताण सुमारे १.२ पट, १० ला सुमारे १.५ पट. भूमिती आहे ती, पैसे टाकून सुटत नाही. सुटते ती मामींना मध्ये उभं करून.

तसंच खांबांचं. कॅमेरा जरा वर झुकवला की खांब एकमेकांकडे कलतात. मामा स्क्रीनवर बघून म्हणाले, "आमचे खांब सरळ हायेत बरं का, तुझंच यंत्र वाकडं दिसायलंय." यंत्र वाकडं नव्हतं, वरच्या तुळया मावाव्यात म्हणून मी ते झुकवलं होतं. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवायचा आणि जास्तीची जमीन नंतर कापायची, खांब सरळ राहतात. १० मिमीचा खरा उपयोग हा. पण परीक्षणात कधी वाचलंय हे? तिथे १० मिमीला समुद्र, ढग आणि पायाखालचा एक दगड. आमच्याकडे समुद्र नाही हो!

आता मिररलेसचा खास वाद. एसएलआरमध्ये आरसा फिरायला जागा लागायची, त्यामुळे लेन्स सेन्सरपासून लांब. कॅननच्या ईएफ माउंटला ४४ मिमी, निकॉनच्या एफला ४६.५. मिररलेसमध्ये आरसाच गेला. कॅनन आरएफ २० मिमी, सोनी ई १८, निकॉन झेड १६. वाईड लेन्सच्या रचनेला याने मोठी मोकळीक मिळाली. दुसरं म्हणजे डोळ्याला दिसतं ते चित्रच इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे काच थोडी वाकडी ठेवून उरलेलं सॉफ्टवेअरने सरळ करायचं हे कंपन्यांना जमू लागलं. यावर शुद्धतावादी खवळतात. दुरुस्ती बंद करून कच्ची फाईल उघडतात, काळे कोपरे दाखवतात आणि ओरडतात: "फसवणूक!"

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला या रागाची गंमत वाटते. गिऱ्हाइकाच्या हातात जे पडतं त्याची चाचणी घ्यायची असते. मधल्या टप्प्यावरचं अर्धवट आउटपुट काढून त्यावर रडण्यात काय हशील? दुरुस्ती चालू ठेवा आणि मग कोपरे बघा. बघाच मात्र, कारण ताणलेल्या कोपऱ्यात तपशील खरोखर कमी होतो, फुकट काही मिळत नाही. माझा निकष एकच: एफ ८ ला, दुरुस्तीनंतर, कोपऱ्यातल्या तुळईचं टोक खांबावर कसं टेकलंय ते दिसतं का? या लेन्समध्ये १२ पासून पुढे दिसतं. १० ला डोळे ताणावे लागतात.

परीक्षणवाल्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा अजून सांगायचाच राहिला. ते एक नग तपासतात आणि निकाल साऱ्या उत्पादनाला लावतात. झूममध्ये भिंगांचे गट पुढेमागे सरकतात, एखादा किंचित तिरका बसला की एक बाजू मऊ. आमच्याच व्यवसायातलं "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य आठवा. माझ्या एका सहकाऱ्याने अशीच नावाजलेली लेन्स घेतली, उजवी बाजू कायम धुरकट. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. पंचतारांकित परीक्षण काय कामाचं?

हे तपासायला चार्ट लागत नाही. झरीच्या शिवारात काळं रान दूरवर सपाट पसरलंय, क्षितिज पट्टीने आखल्यासारखं. सकाळी लवकर जा, मे महिन्यात दहानंतर हवाच थरथरायला लागते. क्षितिज चौकटीच्या वरच्या कडेजवळ ठेवून एक फोटो, खालच्या कडेजवळ ठेवून दुसरा. मग डावीकडची बाभळ आणि उजवीकडची बाभळ ताडून बघा. झूमच्या दोन्ही टोकांना करा, कारण १८ ला शहाणी असलेली लेन्स १० ला तिरकी निघू शकते. दहा मिनिटांचं काम, परत करायची मुदत संपायच्या आत उरकायचं.

एफ २.८ पाहिजे का? तारे काढणार असाल तर घ्या. घर हलत नाही, ट्रायपॉड आहे, एफ ४ पुष्कळ झालं.

आणि उजेड. भर दुपारी अंधाऱ्या माजघरात छतातल्या भोकातून उन्हाचा झोत येतो. तो चौकटीत घेतला की लेन्सची सगळी बिंगं फुटतात. एक कॉलेजच्या काळातली जुनी वाईड लेन्स मी सोबत नेली होती, तिच्यात हिरवे-जांभळे ठिपके आणि सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा. हिच्यात एकच फिका ठिपका, सावलीतली उतरंड नीट शाबूत. माझ्यासाठी हा गुण कोपऱ्यातल्या विटेपेक्षा दहापट मोठा. पण याचा आकडा काढता येत नाही ना, म्हणून परीक्षणात याला दोन ओळी.

परतीच्या आधी सेलू तालुक्यातलं वालूर गाठलं. तिथली बारव गोल आहे आणि पायऱ्या मळसूत्रासारख्या फिरत खाली उतरतात. बुजलेली होती, गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. १० मिमीवर, काठ चौकटीच्या कडेला ठेवून काढली तर ती अंड्यासारखी लांबट आणि आहे त्यापेक्षा अवाढव्य दिसते. पुण्यातल्या जाहिरातीत वन बीएचकेचा दिवाणखाना दिसतो, तशीच! असे बारवांचे फोटो सगळीकडे फिरतायत आणि लोक वाहवा करतायत. ज्या गावाने घाम गाळून बारव उकरली, तिचा आकार तरी खरा दाखवा की. काठावर नीट उभं राहून, वर्तुळ मधोमध घेऊन १४ ला काढली, तेव्हा गोल गोल दिसला आणि पायऱ्या मोजता आल्या.

लेन्स मित्राला परत दिलीय, पण याच जातीची घेणार आहे. दिवाळीआधी झरीची आणखी एक खेप आहे. माजघराचं छत राहिलंय, आणि मामींचा मध्ये उभं करून एक फोटो.